घरी परत आल्यानंतर

(1975 च्या दहावीच्या तुकडीच्या सुवर्णमहोत्सवी स्नेहमेळाव्यात दुसऱ्या दिवशी सकाळी केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना राहून गेलेल्या एक-दोन गोष्टी लिहिताना घातल्या आहेत.)



1975 साली अकरावी मॅट्रिकची शेवटची आणि दहावीची पहिली तुकडी एकाच वर्षी शाळेतून बाहेर पडली. मोठ्या वर्गातली पोरं आपल्याला 'एक वर्ष वाचवलेले' म्हणून चिडवायची. ते वाचवलेलं वर्ष कुठे खर्च झालं कुणास ठाऊक. आज आपण सगळे पासष्टी ओलांडून बसलो आहोत. त्यामुळेच संयोजकांनी मला विषय दिला होता, 'साठीनंतरचं आरोग्य'. रक्तदाब, साखर, गुडघे आणि रोजचं चालणं, एवढं सांगितलं की माझी सुटका आणि तुमचीही. तसं भाषण मी लिहूनही ठेवलं होतं.

आठ दिवसांपूर्वी ते बाजूला ठेवलं. त्या रात्री आपल्याच तुकडीतल्या एकाचा फोन आला. त्याचं नाव मी सांगणार नाही, आणि कृपा करून कुणी अंदाज बांधू नका. त्याच्या घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसानं जीव द्यायचा प्रयत्न केला होता. माणूस वाचला होता आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून घरी येणार होता. त्यानं मला विचारलं, "अरे, आता धोका टळला ना रे?"

मी 'हो' म्हणणारच होतो. पण हाच प्रश्न वीस वर्षांपूर्वी मी स्वतः एका डॉक्टरांना विचारला होता. मला उत्तर मिळालं होतं, 'हो, टळला.' ते उत्तर चूक होतं.

तेव्हा आज मी त्याच प्रश्नावर बोलणार आहे. उतारवयात कुणी असा प्रयत्न केला आणि वाचलं, तर पुढे त्याचं काय होतं आणि आपल्या हातात काय असतं? विषय जड आहे. कुणाला उठून बाहेर जावंसं वाटलं तर खुशाल जा. मागे पाण्याची सोय आहे आणि पिंपळाचा पारही आहे. भाषणानंतर मीही तिथेच बसणार आहे.

आमचे आप्पा तुमच्यातल्या पुष्कळांना आठवत असतील. खडकेश्वरच्या घराच्या ओट्यावर बसून ते येणाऱ्या-जाणाऱ्या पोराला थांबवून पावकी-निमकी म्हणायला लावायचे. काहीजण त्या भीतीनं मागच्या गल्लीनं जायचे, हेही मला माहीत आहे. जिल्हा परिषदेतून निवृत्त झाले, आई असेपर्यंत त्यांचं सगळं वेळच्या वेळी चालायचं. 2003 साली आई गेली. त्यानंतर वर्षभरात काय काय घडलं ते मी आज ओळीनं सांगू शकतो, तेव्हा मात्र ते मला दिसलं नाही. त्यांनी पेपर वाचणं सोडलं. आम्ही म्हटलं, मोतीबिंदू असेल. फोन आला तर उचलेनात. आम्ही म्हटलं, ऐकू कमी येतं. जेवण अर्ध्यावर आलं, पहाटे तीनला उठून बसायला लागले. आम्ही म्हटलं, वय झालं. 'बरं आहे ना?' असं विचारलं की ते म्हणायचे, "माझं काय, पिकलं पान." आम्ही हसायचो. मी त्या वेळी सिडकोत दवाखाना चालवत होतो. दिवसाला साठ पेशंट तपासत होतो आणि घरातला एक पेशंट माझ्या नजरेतून सुटला होता.

2004 च्या पावसाळ्यात एका सकाळी त्यांनी तो प्रयत्न केला. कसा, ते सांगायची गरज नाही. दूधवाला वेळेवर आला म्हणून ते वाचले. तेव्हा त्यांचं वय 76 होतं.

ज्या दवाखान्यात त्यांना नेलं, तिथे मला बाजूला घेऊन विचारलं गेलं, "अपघातानं झालं असं लिहूया का? उगाच पोलीस, पंचनामा, तुमचं नाव..." आणि मी, एक डॉक्टर, मान डोलावली. मला तेव्हा केवढं हायसं वाटलं, ते सांगायलाही आज लाज वाटते. तीन दिवसांनी डिस्चार्ज मिळाला. कार्डावर शरीराचं सगळं लिहिलेलं होतं. मनाबद्दल एक अक्षरही नव्हतं. पुढे कुणाला दाखवायचं, पुन्हा कधी यायचं, घरी कशाची काळजी घ्यायची, काही नाही. कसं असणार? अपघात झालेल्या माणसाला मानसोपचारतज्ज्ञाकडे कोण पाठवतं?

घरी आल्यावर नातेवाईक फळं घेऊन भेटायला आले. आम्ही सांगितलं, पोट बिघडलं होतं. आप्पाही मान हलवून 'पोट बिघडलं होतं' म्हणायचे. जो माणूस जगण्याला कंटाळून परत आला होता, त्याला आम्ही दिवसातून चार वेळा खोटं बोलायला लावत होतो. जालन्याहून ताई आली होती. ती पहिल्या दिवशी रडली आणि म्हणाली, "आप्पा, पुन्हा असं करू नका हं." त्यानंतर घरात त्या विषयावर कुणी शब्द काढला नाही. आम्हाला वाटलं, आम्ही त्यांना जपतो आहोत.

पाचव्या आठवड्यात एका रविवारी त्यांची गादी उन्हात टाकायला म्हणून मी उचलली. खाली जे सापडलं त्यावरून कळलं की आप्पांनी पुन्हा तयारी केली होती.

त्या रात्री मी त्यांच्या कॉटवर बसलो आणि सरळ विचारलं, "आप्पा, पुन्हा जीव द्यावासा वाटतोय का?" हे वाक्य तोंडातून काढायला मला अर्धा तास लागला. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मला वाटलं होतं, कुणी विचारणारच नाही. सगळे माझ्याकडे बघतात, बोलत कुणी नाही."

हे मी आजवर बाहेर कुणालाही सांगितलं नव्हतं. आप्पांची परवानगी आता घेता येत नाही. ताईची घेतली आहे.

आता थोडं शास्त्राकडे वळतो. आत्महत्या म्हटलं की आपल्यासमोर कर्जात बुडालेला शेतकरी उभा राहतो, नाहीतर परीक्षेत नापास झालेला मुलगा. मराठवाड्यात राहणाऱ्याला ते चित्र परकं नाही. 2022 साली देशात 1,70,924 आत्महत्यांची नोंद झाली. त्यातल्या 22,746 महाराष्ट्रातल्या होत्या आणि हा आकडा सर्व राज्यांत सर्वांत मोठा होता. पण या चित्रात म्हातारं माणूस आपल्याला दिसत नाही. ते गेलं तर 'सुटलं बिचारं' म्हणतात, आणि वाचलं तर कुणाला कळू देत नाहीत.

पहिली गोष्ट म्हणजे तरुणांचा प्रयत्न आणि वृद्धांचा प्रयत्न यांत फरक असतो. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा की सगळी वयं धरली तर एका आत्महत्येमागे वीसहून अधिक प्रयत्न असतात. वृद्धांत एका मृत्यूमागे प्रयत्न असतात साधारण दोन ते चार. म्हातारं माणूस घरात एकटं असतं, त्यामुळे वेळेवर कुणी येत नाही. शरीर थकलेलं असतं, त्यामुळे झालेली इजा झेपत नाही. आणि बहुतेक वेळा त्यानं आधी बराच विचार केलेला असतो, कुणाला चाहूल लागू दिलेली नसते. म्हणून 'लक्ष वेधून घ्यायला केलं असेल' हे वाक्य म्हाताऱ्या माणसाबद्दल कधीही म्हणू नका. खरं तर कुणाबद्दलच म्हणू नये.

दुसरी गोष्ट, वाचल्यानंतरची. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड, मँचेस्टर आणि डर्बी या तीन शहरांतल्या रुग्णालयांत 2000 ते 2007 या काळात स्वतःला इजा करून घेऊन आलेल्या, साठ आणि त्यापुढच्या वयाच्या 1,177 माणसांचा अभ्यास झाला. पुढच्या बारा महिन्यांत त्यांतल्या 12.8 टक्के लोकांनी पुन्हा तसं केलं. दीड टक्के माणसं त्या वर्षभरात आत्महत्येनं गेली. दीड टक्का ऐकायला थोडा वाटतो. पण त्याच वयाच्या इतर लोकांच्या तुलनेत हा धोका 67 पट होता, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या पुरुषांत सर्वांत जास्त होता.

हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचा. एका बाजूनं ते सांगतात की घरी परत आलेल्या म्हाताऱ्या माणसाचा धोका टळलेला नसतो. पहिलं वर्ष फार जपायचं असतं. दुसऱ्या बाजूनं तेच आकडे सांगतात की शंभरातल्या सत्त्याऐंशी जणांनी त्या वर्षात पुन्हा तसं केलं नाही. 'ज्यानं एकदा ठरवलं तो करणारच, आज नाही तर उद्या,' असं आपल्याकडे हताशपणे बोललं जातं. ते खरं नाही. बहुतेक माणसं जगतात, आणि पुढे कधीतरी इतर चारचौघांसारखी हृदयविकारानं, न्यूमोनियानं, म्हातारपणानं जातात.

मग धोका येतो कुठून? माणूस दवाखान्यातून परत येतो, पण ज्या कारणांनी तो तिथपर्यंत पोहोचला होता ती घरातच असतात. सर्वांत मोठं कारण नैराश्य. म्हातारपणातलं नैराश्य 'मी उदास आहे' असं सांगत येत नाही. पोट साफ होत नाही, अंग दुखतं, तोंडाला चव नाही, झोप नाही, काही लक्षात राहत नाही, अशा तक्रारी घेऊन ते येतं. आम्ही डॉक्टर लोक चूर्ण देतो, टॉनिक देतो. दुसरं कारण एकटेपण, जोडीदार गेल्यानंतरचं तर फारच. तिसरं, न थांबणारं दुखणं. चौथं, 'मी आता सगळ्यांवर ओझं आहे' ही भावना. दवाखान्यातून परत आलेला माणूस अशक्त झालेला असतो, त्याला बाथरूमपर्यंत धरून न्यावं लागतं. म्हणजे ज्या परावलंबनाला तो भ्यायला होता तेच आता वाढलेलं असतं. त्यात घरात पाळलेली शांतता. घरच्यांना ती मायेची वाटते. त्याला वाटतं, सगळे रागावले आहेत, नाहीतर सगळ्यांना आपली लाज वाटते.

आता चांगली बातमी. यावर उपाय आहेत, आणि ते साधे आहेत.

पहिला उपाय औषधोपचार. उतारवयातलं नैराश्य बरं होतं. गोळ्या कमी मात्रेनं सुरू करतात, सावकाश वाढवतात. गुण यायला तीन ते सहा आठवडे लागतात, कधी जास्तही. हे घरच्यांना माहीत नसेल तर दहाव्या दिवशी 'काही उपयोग नाही' म्हणून गोळ्या बंद होतात. 'ही औषधं घेतली की माणूस कायमचा झोपाळलेला राहतो' हाही समज जुना झाला. फार गंभीर नैराश्यात विजेचा उपचार देतात. सिनेमानं त्याची बदनामी केली आहे, पण भूल देऊन केला जाणारा हा उपचार वृद्धांत चांगला लागू पडतो. त्याबरोबर मोतीबिंदू काढणं, कानाचं यंत्र बसवणं, गुडघ्याचं दुखणं आटोक्यात आणणं, हेसुद्धा मनाचेच उपचार आहेत.

दुसरा उपाय आहे विचारपूस. हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही, त्याचीही मोजदाद झालेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकारानं पाच देशांतल्या पाच ठिकाणी एक प्रयोग झाला. त्यात आपल्याकडचं चेन्नई होतं. आत्महत्येच्या प्रयत्नानंतर रुग्णालयात आलेली सर्व वयांची 1,867 माणसं त्यात होती. निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांशी त्याशिवाय घरी जाण्यापूर्वी तासभर नीट बोललं गेलं, आणि पुढच्या अठरा महिन्यांत नऊ वेळा कुणीतरी फोन करून किंवा घरी जाऊन 'कसे आहात' म्हणून विचारलं. 2008 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नेहमीचे उपचार मिळालेल्यांत 2.2 टक्के माणसं आत्महत्येनं गेली होती. विचारपूस झालेल्यांत 0.2 टक्के. नऊ भेटींनी एवढा फरक पडला.

त्याआधीचा एक प्रयोग तर आपण शाळेत असतानाचा आहे. 1969 पासून अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला जेरोम मोटो नावाच्या मानसोपचारतज्ज्ञांनी, रुग्णालयातून घरी गेल्यावर पुढचे उपचार नको म्हणणाऱ्या 843 माणसांचे दोन गट केले. एका गटाला पाच वर्षांत चोवीस छोटी पत्रं पाठवली. त्यांत उपदेश नव्हता, काही मागणीही नव्हती. तुमची आठवण आहे, तुम्ही बरे असाल अशी आशा आहे, एवढाच आशय. ज्यांना पत्रं गेली त्यांच्यात आत्महत्या कमी झाल्या. पहिल्या दोन वर्षांत हा फरक ठळक होता. आपली पिढी पोस्टकार्डावर वाढलेली आहे. 'इकडील सर्व क्षेम, तुमचे क्षेम कळवावे' या ओळीत किती ताकद होती, हे आपल्याला तेव्हा कळलं नाही.

खास वृद्धांसाठीचं उदाहरण इटलीच्या उत्तरेकडल्या व्हेनेटो भागातलं. तिथे एकट्या राहणाऱ्या, आजारी अशा वृद्धांना ठरलेल्या दिवशी नियमित फोन करायची सेवा सुरू झाली. 1988 ते 1998 अशी अकरा वर्षं आणि 18,641 माणसं. त्या भागातलं नेहमीचं प्रमाण पाहता जवळपास 21 आत्महत्या होतील असा हिशेब होता. झाल्या सहा. मात्र यातला फायदा मुख्यतः स्त्रियांत दिसला. पुरुष मंडळींनी हे जरा मनावर घ्यावं. आपल्याला फोन आला की आपण 'सगळं ठीक, तू बोल' म्हणतो आणि फोन बायकोकडे देतो. बायको गेल्यावर फोन द्यायला कुणी उरत नाही.

आणि आपल्या शेजारचं उदाहरण गोव्याचं. तिथे डॉ. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठीपुढच्या 181 लोकांवर काम केलं. ही माणसं नैराश्याच्या उंबरठ्यावर होती, पण पुरती आजारी नव्हती. काम करणारे समुपदेशक डॉक्टर नव्हते, गावातलीच, प्रशिक्षण दिलेली माणसं होती. ते अडचण कशी सोडवायची ते टप्प्याटप्प्यानं शिकवायचे, झोपेची घडी बसवायचे, मधुमेह कसा सांभाळायचा ते सांगायचे, सरकारी योजनांचे कागद करायला मदत करायचे. वर्षभरानंतर पाहिलं तेव्हा, ज्या 91 जणांना ही मदत मिळाली त्यांतल्या चौघांना नैराश्यानं गाठलं होतं. ज्या 90 जणांना ती मिळाली नाही त्यांतल्या तेरा जणांना. 2019 साली हे प्रसिद्ध झालं. लक्षात घ्या, पेन्शनचा अडलेला कागद मार्गी लावणं हाही त्या उपचाराचाच भाग होता.

आता कायद्याचं. माझ्या हातून 2004 साली जे खोटं घडलं त्यामागे भीती होती. भारतीय दंड विधानाचं कलम 309, आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा. आपल्या मुंबई उच्च न्यायालयानं 1986 सालीच ते कलम घटनाबाह्य ठरवलं होतं, पण 1996 साली सर्वोच्च न्यायालयानं ते पुन्हा वैध ठरवलं. पुढे 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आला आणि 29 मे 2018 पासून लागू झाला. त्याचं कलम 115 सांगतं की प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरावं, त्याला शिक्षा करू नये. आणि त्याची काळजी, उपचार, पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी आहे, प्रयत्न पुन्हा होऊ नये म्हणून. 1 जुलै 2024 पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत 309 सारखं सरसकट कलमच ठेवलेलं नाही. सरकारी अधिकाऱ्यावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा वेगळा गुन्हा आहे. म्हणून कुणी 'अपघात लिहूया का' म्हणालं तर नम्रपणे 'नको' म्हणा. दवाखाना मेडिको-लीगल नोंद करेल, करू द्या. कार्डावर खरं असेल तरच पुढचे उपचार खरे होतील.

त्या रात्री आमच्या मित्राला मी फोनवर जे सांगितलं तेच तुम्हाला सांगतो. कागद काढून लिहून घेतलंत तरी चालेल.

घरी आणण्याआधी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, आणि पुढची तारीख घेऊनच दवाखान्यातून निघा. खाजगी परवडत नसेल तर घाटीत मानसोपचार विभाग आहे. घरातली औषधं आणि शेतीची फवारणीची औषधं कुलपात ठेवा, गोळ्या एका माणसानं रोजच्या रोज हातात द्याव्यात. पहिले काही आठवडे माणूस एकटा राहणार नाही असं बघा, पण पहारा बसवल्यासारखं करू नका. घरातल्या एकानं तरी त्या विषयावर मोकळेपणी बोलावं. 'असं का केलंत, आमचा विचार नाही आला?' असं विचारू नका. 'तेव्हा फार त्रास होत होता का? आता कसं वाटतंय?' असं विचारा. विचारल्यानं डोक्यात नसलेला विचार शिरतो, ही भीती खोटी आहे. संशोधनानं ती खोटी ठरवली आहे आणि मी घरात अनुभवलं आहे. त्यांना काहीतरी काम द्या. ओझं वाटणाऱ्या माणसाला सारखं 'तुम्ही फक्त आराम करा' म्हटलं की त्याचं ओझं वाढतं. आणि सांभाळणाऱ्याचीही विचारपूस करा, तो आतून घाबरलेला असतो.

दोन नंबर मोबाइलमध्ये आत्ताच साठवा. टेली-मानस, 14416. दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. ज्येष्ठ नागरिकांसाठी एल्डरलाइन, 14567. तो सकाळी आठ ते रात्री आठपर्यंत असतो.

आप्पांचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी आम्ही मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. औषधं सुरू झाली. दोन महिने काही फरक नव्हता, तिसऱ्या महिन्यात एक दिवस त्यांनी स्वतःहून पेपर मागितला. मोतीबिंदू काढला. कानाचं यंत्र बसवलं, त्याला ते शेवटपर्यंत शिव्या घालत राहिले. शेजारच्या दोन मुलांना गणित शिकवायला लागले. ती आठ वर्षं सोन्यासारखी गेली असं मी म्हणणार नाही. दोनदा ते पुन्हा खचले, डोस वाढवावा लागला. आईच्या तिथीच्या आसपासचे दिवस नेहमीच अवघड जायचे. पण नातीच्या लग्नात ते मांडवात खुर्ची टाकून बसले होते. 2011 च्या एप्रिलमध्ये वानखेडेवर धोनीनं शेवटचा षटकार मारला तेव्हा ते माझ्या शेजारी सोफ्यावर होते आणि 'हा इतका वेळ कशाला थांबला' म्हणून चिडले होते. 2012 साली हृदयविकारानं गेले, झोपेत. पिकलं पान गळालं म्हणायचं तर ते तेव्हा. 2004 साली ते पान पिकलेलं नव्हतं, नैराश्यानं सुकत चाललेलं होतं. हा फरक ओळखायला मी जवळजवळ उशीर केला होता.

या सभागृहात आपण सव्वाशे माणसं आहोत. कदाचित कुणी स्वतः त्या वाटेवरून परत आलेलं असेल आणि आजवर कुणाला बोललेलं नसेल. त्यांना एवढंच सांगतो की तुम्ही इथे बसला आहात याचा मला फार आनंद आहे. आणि ज्यांच्या घरचं माणूस प्रयत्न करूनही राहिलं नाही, त्यांनी माझ्या गोष्टीवरून स्वतःला बोल लावू नये. आमच्याकडे दूधवाला वेळेवर आला, यात माझी काही हुशारी नव्हती.

शेवटी एक प्रस्ताव. आपल्या शाळेत एखादं पोरगं तीन दिवस आलं नाही की वर्गशिक्षक त्याच्या गल्लीत राहणाऱ्या दुसऱ्या पोराला पाठवायचे, 'जा, बघून ये काय झालं ते.' बाई, तुम्ही मलाही दोनदा पाठवलं होतं. त्या वेळी आम्हाला तो अर्धा तास सुट्टीचा आनंद असायचा. आज आपल्यापैकी कितीतरी जणांची मुलं पुण्यात, बंगळुरूला, अमेरिकेत आहेत. घरात एक किंवा दोन माणसं. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी साठ सुप्रभात येतात, पण एखाद्याचं सुप्रभात महिनाभर आलं नाही तर ते कुणाच्या लक्षात येत नाही.

म्हणून ती जुनी हजेरी परत सुरू करूया. प्रत्येकानं तीन नावं घ्यायची. दोन वर्गमित्र आणि एक आपले सर किंवा बाई. आठवड्यातून एकदा फोन करायचा, टाइप करायचं नाही. तीनदा उचलला नाही तर जवळ राहणाऱ्यानं घरी जाऊन बघून यायचं. 'ठीक आहे' या उत्तरावर फोन ठेवायचा नाही, 'जेवलास काय, झोप लागते का' असं पुढे विचारायचं. यादी मी करून आणली आहे, चहाच्या टेबलावर ठेवली आहे. आमच्या त्या मित्राचं नाव मी माझ्या तिघांत घेतलं आहे, आणि काल रात्री त्याच्या घरच्या वडीलधाऱ्यांशीही फोनवर बोललो. ते दोन मिनिटं बोलले. पुढच्या शनिवारी पुन्हा करणार आहे.